शनिवारी सरळ

"…आणि अशा रीतीने माझ्या पणजोबांनी सात ज्यूंना चर्चच्या घंटेत लपवून वाचवलं," सेवेरिनने वाचून संपवलं आणि वही मिटली.

बोग्नाबाईंनी फळ्यावरच्या आकड्यांखाली आणखी एक सात लिहिला. खडू मोडला. त्यांनी उरलेला तुकडा उचलला आणि वळून विचारलं, "सात जण? एका घंटेत?"

"लोलकाला धरून लोंबकळायचे, बाई. पाळीपाळीनं."

"आणि घंटा वाजवायची वेळ झाली की?"

"तेव्हा ती भरल्या आवाजात वाजायची. जर्मन अधिकारी पाद्रीबाबांना म्हणाला, तुमच्या घंटेला सर्दी झालीय."

वर्ग हसला. सेवेरिन मात्र हसला नाही. घरी ही गोष्ट तीन पिढ्या गंभीर चेहऱ्याने सांगितली गेली होती, आणि घरच्या गोष्टीला हसायचं नसतं.

सातवीच्या मुलांना बाईंनी एकच प्रश्न घरी न्यायला दिला होता: युद्धात आपल्या घराने काय केलं? त्यांना वाटलं होतं, पोरं विचारतील, घरचे गप्प बसतील, आणि पोरं ते मौन वर्गात घेऊन येतील. मग तिथून धडा सुरू करता येईल. पण आमच्या लिप्निकात गप्प बसण्याची वेळ आली की लोक बोलायला लागतात, हे वॉर्सात शिकून आलेल्या बाईंना अजून उमगलं नव्हतं. कुणाच्या पणजोबांनी चौघांना गवताच्या गंजीत ठेवलं होतं. कुणाच्या पणजीने एका डॉक्टरला शिवणयंत्राच्या पेटीत घडी घालून ठेवलं होतं. एका घरात तर अख्खं कुटुंब डुकरीच्या पोटाखाली झोपायचं, आणि ती डुकरी इतकी समजूतदार की जर्मन गस्त आली की मुद्दाम घोरायची.

बाईंनी बेरीज केली. दोनशे चौदा.

"आता ऐका," त्या म्हणाल्या. "लिप्निकात ज्यू होते आठशे. ऑगस्टमधल्या एका सकाळी विटांच्या कारखान्यामागच्या खड्ड्याकडे नेले, तेही जवळपास आठशेच. खड्ड्याच्या काठावर गोळ्या जर्मनांनी घातल्या. पण कोणत्या माळ्यावर कोण दडलंय, हे जर्मनांना माहीत नव्हतं. ते त्यांना कुणीतरी दाखवलं. युद्धानंतर परत आले चौघं, आणि त्या चौघांनाही गावाने आठवड्याच्या आत स्टेशनची वाट दाखवली. मग हे दोनशे चौदा कोण?"

सेवेरिनने हात वर केला.

"बाहेरगावचे असतील, बाई."

एक वही अजून उघडली नव्हती. खिडकीशी बसणाऱ्या किंगाची. तिचे आईबाप हॉलंडला फुलांच्या शेतावर कामाला होते आणि ती आजीजवळ राहायची. ती उभी राहिली आणि तिने एका दमात वाचलं, "आमच्या घराने काही केलं नाही. आमच्याकडे कोणी आलं नाही. संपलं."

"एवढंच?"

"आजीनं सांगितलं, एवढंच लिही."

"तिचे पणजोबा जर्मनांना दूध घालत असतील," मागून कुजबूज आली, आणि हसू पुन्हा बाकाबाकांवरून फिरलं. किंगा खाली बसली. तिचे कान बीटासारखे लाल झाले होते.

*

गोष्ट नगराध्यक्ष स्ताखुर्स्कींच्या कानावर गेली, ती त्यांच्या सोयीने वाट वाकडी करून.

"दोनशे चौदा!" त्यांनी बाईंना कचेरीत बोलावून कॉफी पुढे केली. "बाई, तुम्ही सोनं शोधून काढलंत. शेजारच्या गावाने बारा वाचवले म्हणून त्यांच्या चौकात दगड आहे, कारंजं आहे, बसा भरभरून लोक येतात. आणि आपण दोनशे चौदा असून उपाशी!"

"साहेब, मी ती बेरीज मुलांना हे सगळं खोटं आहे हे दाखवायला केली होती."

"आकडा खोटा नसतो, बाई. माणूस खोटा असतो."

त्यांच्या डोक्यामागे गावाच्या मानचिन्हाशेजारी एक चित्र होतं: काळी टोपी, पांढरी दाढी, वाकलेलं नाक, बोटांत धरलेलं एक नाणं. आमच्याकडे घरोघर दाराशी असा चौकटीतला एक ज्यू असतो. त्याने घरात पैसा येतो म्हणतात. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस, म्हणून शनिवारी त्याला उलटं टांगायचं, खाली डोकं वर पाय, म्हणजे आठवडाभर गोळा केलेलं त्याच्या खिशातून आपल्या घरात सांडतं. लग्नात देतात, नव्या घराला देतात. जिवंत ज्यू गावात एक उरला नाही, पण कागदाचा प्रत्येक उंबऱ्याशी पहाऱ्याला आहे.

"माझ्याच आजोबांनी चौघं लपवले होते," स्ताखुर्स्की म्हणाले. "जोडे शिवायचे ना ते. बुटांच्या ढिगाखाली. गोळ्या घातल्या जर्मनांनी, वाचवलं आपल्या माणसांनी. एवढं शिकवा, म्हणजे झाला इतिहास. चौकात दगड बसवतोय. वरती 'जिवावर उदार झालेली घरं', खाली नावं. जिल्ह्याकडून मंजुरी हवी तर इतिहास शिकलेल्या माणसाची सही लागते. ती तुमची."

"मी नाही करणार."

"मग निवृत्त गुरुजी करतील. ते तर चष्मा न लावताही करतात. पण तुमची बरी दिसली असती." त्यांनी साखर ढवळली. "बरं, सगळं खोटं म्हणता, तर मला एक खरं घर दाखवा. आहे तुमच्याकडे?"

बाईंकडे नव्हतं. कॉफी तशीच ठेवून त्या उठल्या.

*

शनिवारी दुपारी त्या किंगाच्या घरी निघाल्या. वर्गात पोरीची चेष्टा झाली, त्याबद्दल आजीला दोन शब्द बोलावेत, एवढंच मनात होतं. ऊन बरं होतं, दारं उघडी होती, आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंना उंबऱ्याआडून उलट्या चित्रांतल्या काळ्या टोप्या खाली लोंबत होत्या.

पेलागियाआजी स्वयंपाकघरात पाव भाजायच्या जुन्या विटांच्या भट्टीला पाठ टेकून अळंबी निवडत बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, दात स्वतःचे, जीभ तर खासच स्वतःची.

"या, बाई. पोरीनं काय फोडलं?"

"काही नाही. मीच माफी मागायला आले. तिच्या निबंधाला मुलं हसली."

"हसू देत. रडण्यापेक्षा स्वस्त पडतं." तिने एक किडकी अळंबी बादलीत टाकली. "ऐकलं मी, डुकरी घोरायची म्हणे! मी लहान होते, पण ती डुकरी आठवते मला. तिला त्यांनी युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात खाल्ली होती. मेल्यावरही वाचवत राहिली बिचारी."

बाई हसल्या. हसता हसता त्यांची नजर दारावर गेली. तिथे चित्र होतं, सगळ्यांच्या घरी असतं तसंच. टोपी, दाढी, नाणं. पण टोपी वर होती.

"आजी, आज शनिवार. तुमचं चित्र उलटं करायचं राहिलं."

"गुडघे दुखतात. कोण चढणार स्टुलावर?"

"मी करते म्हटलं तर हातावर मारते," ओट्याशी उभी असलेली किंगा म्हणाली. "कधीच करू देत नाही. म्हणते, त्याच्या डोक्यात रक्त उतरतं. आजी, कागदाला कुठलं आलंय रक्त!"

"तू जा. दूधवाल्या झोशाकडून मलई घेऊन ये."

"मलई आहे घरात."

"आंबट असेल ती. जा म्हटलं ना."

किंगा गेली. फाटक वाजेपर्यंत म्हातारीने अळंबीला हात लावला नाही.

"तुम्हाला ते चित्र आवडत नाही," बाई म्हणाल्या.

"न आवडायला काय झालं? सगळ्यांकडे असतं ते आपल्याकडे असावं. नसलं की लोक विचारतात, का नाही."

"मग उलटं का नाही करत?"

पेलागियाने सुरीचं पातं एप्रनच्या कोपऱ्याने पुसलं. "तुम्हाला गोष्टी आवडतात ना बाई? पोरांकडून गोळा करता. एक माझ्याकडूनही घ्या. आपल्या गावची नाही हं. दुसऱ्या गावची. लांबच्या."

"सांगा."

"त्या गावात एक माणूस होता. फार शहाणा नव्हता. शेजारची ज्यू पोर एका सकाळी त्याच्या दारात आली, आणि त्याच्या हातून दार उघडलं गेलं. आता उघडल्यावर काय करणार? घरात भट्टी होती. तिच्या बुडाशी एक बीळ खणलं त्यानं, उतरतं. इतकं अरुंद की पोर आत गेली की वळायला जागा नाही. म्हणून तिला डोकं खाली करून सरकवायचं, पाय बिळाच्या तोंडाकडे. का? तर आग लागली, कुणी आलं, तर पाय धरून झटकन ओढता यावं. कधी तासभर, कधी दिवसभर तशीच. बाहेर काढली की चेहरा जांभळा, आणि नाकातून रक्त. रडायची नाही. त्या माणसाची एक मुलगी होती, तिच्याएवढीच. ती ओल्या फडक्यानं नाक पुसायची तिचं. दोन हिवाळे."

बाईंची नजर म्हातारीच्या पाठीमागच्या विटांवर गेली. म्हातारीने ती जाताना पाहिली, पण पाठ हलवली नाही.

"जगली ती?"

"त्या गावात? जगली. मामा आला, घेऊन गेला, समुद्रापलीकडे. गोष्ट तिथं संपली असती तर तुमच्या पोरांनाही सांगितली असती." म्हातारीने आवाज न चढवता पुढे सांगितलं. "मग शेजारी आले. जर्मन नव्हे, ते कधीच पळाले होते. शेजारी. म्हणाले, ज्यू ठेवलास, तर सोनं मिळालं असणार, फुकट कोण ठेवतो? त्यांनी जमीन उकरली, विहीर उपसली. सोनं मिळेना, तेव्हा त्याची बोटं दाराच्या फटीत धरून दार लावलं. एकेक करून. सगळ्यांत पुढे होता तो जोडे शिवायचा. नातू आता मोठ्या खुर्चीवर बसतो म्हणे. त्या दुसऱ्या गावात."

बाईंनी हात टेबलाखाली घेतले.

"आजी," त्या हळूच म्हणाल्या, "त्या दगडावर एक तरी खरं नाव…"

"दगडाचं इथं काय काम? ती दुसऱ्या गावची गोष्ट."

"इतकी वर्षं झाली. आता कोण येणार?"

"सोनं शिळं होत नाही, बाई. मागच्या साली विहिरीशी रात्रीचं कुणी खणून गेलं. कुत्र्यानं खणलं म्हणाले. फावडं घेऊन फिरणारं कुत्रं!" ती हसली, आणि मग तिने बाईंचं मनगट धरलं. हात सुकलेला होता, पण पकड नव्हती सुकलेली. "मी चालले. पोरीला इथंच राहायचंय. तिनं लिहिलं ते लिहिलं, आमच्या घरानं काही केलं नाही म्हणून. ते तसंच राहू द्या."

*

"बाई, तुमच्यासाठी आनंदाची बातमी," स्ताखुर्स्कींनी नावांचा आराखडा टेबलावर पसरला. "तुमची ती मुलगी, किंगा. एकाच घराचं नाव नाही, बरं दिसत नाही. पोर वर्गात हिरमुसते म्हणे. मी म्हटलं, घाला त्यांचंही. त्शास्का कुटुंब, शेवटून तिसरं. दगड तेवढाच, अक्षरं थोडी बारीक करू."

बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

"म्हातारीला विचारलं?"

"विचारायचं काय? मान देतोय, मागत थोडाच आहे? उद्या दवंडी पिटतो. लोकही विचारायला लागलेच आहेत, ह्यांनी कोण लपवलं होतं हो?" ते हसले. "आमचे आजोबा त्यांच्या घराबद्दल काहीबाही बोलायचे, पण ते जाऊ द्या."

खिडकीबाहेर चौकात दगडासाठी खड्डा खणणं चालू होतं. दोन माणसं, दोन फावडी. माती एका लयीत वर येत होती.

बाई नको म्हणाल्या असत्या, तर कारण द्यावं लागलं असतं. म्हातारी स्वतः नको म्हणाली असती, तर गावाने त्याच संध्याकाळी कारण शोधलं असतं. गप्प राहावं, तर गुरुजींची सही होतीच.

"ते नाव काढा," बाई म्हणाल्या.

"का?"

"त्यांनी कोणाला वाचवलं नाही. मी खात्री करून घेतली."

"अहो, तशी खात्री करायची तर…" स्ताखुर्स्की थांबले आणि डोळे मिचकावले. "तुम्हीच ना म्हणालात, सगळंच खोटं?"

"चुकलं माझं. बाकीच्यांनी वाचवलं." बाईंचा आवाज वर्गात हजेरी घेताना असतो तसा सपाट होता. "त्शास्कांनी नाही. त्यांच्या दारात एक ज्यू पोर आली होती. सकाळी. आतून आवाज येत होता, पण त्यांनी दार उघडलं नाही. ती तशीच परत गेली."

नगराध्यक्षांनी जीभ टाळ्याला लावून चुकचुक केलं. "काय काय माणसं असतात," ते म्हणाले, आणि त्यांना खरोखरच वाईट वाटलं.

त्यांनी शेवटून तिसऱ्या नावावर रेघ मारली आणि पेन बाईंच्या हातात दिलं.

*

दगड बसला त्या दिवशी बँड होता, भाजलेली सॉसेजं होती, खसखशीचा केक होता. ज्यांची नावं दगडावर होती त्या घरांची मुलं पांढऱ्या सदऱ्यांत, हातात फुलं घेऊन ओळीने उभी होती. सेवेरिनने घंटेची गोष्ट ध्वनिक्षेपकावरून सांगितली. आता घंटेत नऊ जण झाले होते.

पेलागियाआजी काठी टेकत दगडापर्यंत आली, वरपासून खालपर्यंत नावं वाचली, आणि जाताना बाईंजवळ क्षणभर थांबली.

"छान जमलंय, बाई," ती ओठ न हलवता म्हणाली. "दार न उघडण्याचं तर मलाही सुचलं नसतं."

मग नगराध्यक्षांनी बाईंना पुढे बोलावलं, त्यांच्या परिश्रमाबद्दल चार शब्द बोलले, आणि कागदात बांधलेली भेट दिली. "आमच्या बाईंना ज्यू लोकांची इतकी माया," ते म्हणाले, "म्हणून सर्वांनी मिळून." बाईंनी कागद सोडला. सोनेरी चौकट, काळी टोपी, पांढरी दाढी, नाणं. मोठ्या आकाराचं, महागातलं. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

गर्दी पांगल्यावर किंगा मागून आली. पांढरा सदरा नव्हता, फुलं नव्हती. गाव लहान असल्यामुळे बाईंची गोष्ट तिच्यापर्यंत पोचायला दोन दिवसही लागले नव्हते.

"बाई, आमच्या दारात एक मुलगी आली होती, खरं?"

बाईंनी चित्राभोवती कागद पुन्हा गुंडाळायला घेतला.

"आणि आम्ही दार उघडलं नाही?"

बँडवाले वाद्यं पेट्यांत भरत होते. बाईंनी हात पुढे केला आणि किंगाची उलटी वळलेली कॉलर नीट केली. मग पुन्हा एकदा केली, ती नीटच असताना.

"आजी घरी एकटी आहे," त्या म्हणाल्या. "तू जा."

किंगा गेली. वाटेत तिने दगडाकडे पाहिलं नाही.

भेट टांगली नाही तर दिसलं असतं. म्हणून बाईंनी ती दाराशी टांगली. आठवड्याच्या शेवटी शेजारीण झोशा मलईचं भांडं घेऊन आली, आणि उंबऱ्यातच थबकली.

"अगंबाई, आज शनिवार ना? तुमचा हा सरळच!"

बाई स्टुलाकडे बघत राहिल्या. स्टूल तिथंच होतं, हाताच्या अंतरावर. वयाने त्या अजून चाळिशीला टेकल्या नव्हत्या.

"गुडघे दुखतात," त्या म्हणाल्या.